द्वारपालाचे बूट

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझं वय बावन्न आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तसा कॉलेजच्या इमारतीवर मी आधीही चढलो होतो, पण बाहेरून, शिडी लावून, नाव रंगवायला. संत तुकाराम नगरच्या अभ्यास केंद्रात दर रविवारी आमचा तास असतो. पहिल्या रविवारी मी वर्गात शिरलो तशी सगळी पोरं उठून उभी राहिली. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो, तेव्हा त्यांना आपली फसवणूक झाल्याचं कळलं.

यंदा प्रकल्प होता. विषय, स्वतःच्या कामाचा प्रवास. आमच्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, पण कडक. पोरं नेटवरून चित्रं उतरवून आणतात म्हणून त्यांनी अट घातली. निदान एक मूळ काम हवं, आजही जागेवर असलेलं, आणि त्याच्या शेजारी आपण उभे असलेला फोटो. तो नसेल तर प्रकल्प धरणार नाही, आणि प्रकल्प नाही तर वर्ष गेलं.

"मॅडम, एक काय, शंभर आणतो," मी म्हणालो.

"काका जोरात!" पुढून कुणीतरी म्हणालं.

मी खरंच जोरात होतो. तीस वर्षं रंगवतोय, त्यातलं एक सापडणार नाही?

सुरुवात काळेवाडीपासून केली, कारण माझीही तिथूनच झाली. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची नावं, पिठाच्या गिरणीवरची लक्ष्मी. माझी अक्षरं चांगली होती, लक्ष्मी बेताची. एका टेलरची पाटी मी मन लावून केली होती, अक्षरांना सावली देऊन. तो टेलर अजून आहे. दुकानावर आता फ्लेक्स आहे.

"तुझी पाटी? आहे ना भाऊ. फेकली नाही," तो म्हणाला आणि मला मागच्या मोरीपाशी घेऊन गेला. पत्रा मधोमध कापून अर्धा गटारावर टाकला होता. उरलेल्या अर्ध्यावर 'जेन्ट्स अँड ले' एवढंच होतं.

"दुसरा अर्धा?"

"त्यावर शेजाऱ्यानं कोंबड्यांचं खुराडं केलं. तू इथं उभा राहा ना, मी काढतो फोटो."

मी उभा राहिलो नाही. आता वाटतं, राहायला हवं होतं.

मग फ्लेक्सची वर्षं. ब्रश ठेवून मी कॉम्प्युटर शिकलो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा करू लागलो. माझं काम पुढारी भाऊंना गोरं करणं, त्यांची हनुवटी एकच ठेवणं आणि खाली पन्नास कार्यकर्ते असे बसवणं, की कुणाचंच डोकं दुसऱ्यापेक्षा मोठं दिसू नये. हे फार अवघड असतं. फ्लेक्स आठ दिवस टिकतो, मग कुणाच्या तरी छपरावर जातो. माझ्या फ्लेक्सवरचे एक भाऊ मला काळेवाडीतच एका भेळेच्या गाडीवर सापडले, उलटे, नाकापासून खाली. त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढणं मला अभ्यासाच्या दृष्टीनं बरोबर वाटलं नाही.

त्यानंतर मी चाकणकडच्या कंपन्यांत फरशीवर पिवळ्या पट्ट्या मारल्या. कलाकार म्हणून माझा सगळ्यात जास्त मान राखला गेला तो तिथे, कारण माझ्या रेषेबाहेर पाय टाकायची कुणाची हिंमत नव्हती. पण आत मोबाइल नेता येत नाही, आणि पट्ट्या दरवर्षी नव्यानं मारतात.

शेवटची आशा पुनावळ्याची होती. तिथल्या एका सोसायटीत पार्किंगच्या भिंतीवर मी गेल्याच वर्षी वारली पद्धतीची भातलावणी काढली होती. ज्यांच्या शेतावर ती सोसायटी उभी आहे ते आजोबा तिथंच चौथ्या मजल्यावर राहतात. ते खाली येऊन म्हणाले, "बैल असा उभा ऱ्हातो व्हय? त्येला बसाया सांग." कमिटीच्या बाईंचं म्हणणं वेगळं होतं. "या सगळ्यांना कपडे का नाहीत?" मी म्हणालो, ती नुसती त्रिकोणाची माणसं आहेत. त्या म्हणाल्या, मुलं बघतात. परवा जाऊन पाहिलं तर सगळ्यावर क्रीम रंग होता.

घरी येऊन हे सांगितलं, तर बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "तीस वर्षं रंगाचे हात घेऊन घरी येताव. मग तो रंग गेला कुठं?" आणि थोड्या वेळानं, "ते बूटवालं देऊळ हाय की!"

हे कुणाला आठवू नये अशी माझी इच्छा होती.

चाकणच्या पलीकडच्या एका गावात भैरवनाथाचं देऊळ आहे. मी नवीन होतो तेव्हा यात्रेआधी दाराच्या दोन्ही बाजूंना द्वारपाल रंगवायचं काम मला मिळालं. मी अक्षरांचा माणूस. माणूस काढायचा तर समोर कुणीतरी उभं हवं, म्हणून वडिलांना उभं केलं. ते फाउंड्रीतून पहिली पाळी करून आले होते. हातात भाल्याऐवजी केरसुणी दिली. मी कागदावर बाह्यरेषा घेतली, देवळात जाऊन ती भिंतीवर मोठी केली, वर फेटा, मिशा, दागिने चढवले. पायांपाशी अडलो. वडिलांच्या पायांत कंपनीचे बूट होते, आणि मला पायाची बोटं काढता येत नव्हती. एक बोट येतं, पाच आली की केळ्याची फणी होते. मी बूट तसेच ठेवून काळे केले. म्हटलं, पायांकडे कोण बघतंय?

देवळात माणूस वाकूनच शिरतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. यात्रेच्या सकाळी पहिली म्हातारी द्वारपालाच्या पाया पडायला वाकली आणि ओरडली. देवाच्या दारात बूट! मी ब्रश तिथंच टाकून पळालो. पुन्हा त्या गावाकडे फिरकलो नव्हतो.

आता गेलो. द्वारपाल जागेवर होते. फेटे गुलाबी झाले होते, मिशा वाढल्या होत्या, आणि बूट होते. त्यांना कुणीतरी नाड्याही घातल्या होत्या. ओट्यावर देवळाचे म्हातारे गुरव बसले होते. मी कोण ते सांगितलं.

"म्हंजी त्यो बूटवाला तू! आरं, ब्रश न्यायला इतक्या वर्सांनी आलास व्हय?"

"बूट पुसले का नाहीत तुम्ही?"

"पुसणार हुतो. पर गावातली पोरं तवाच कंपनीत लागली हुती, ती म्हनली ऱ्हाऊ द्या. आन् त्यो दाराभाईर उभा हाय, आत कुटं आलाय? दरसाली नवा रंग देतो, बूट सोडत न्हाई."

म्हणजे रंग माझा नव्हताच. मी फोटो काढला, पण हे काम मूळ आहे असं लिहायला हात धजेना. माझी अडचण ऐकून गुरवांनी नातवाकडून वहीचं पान मागवलं आणि स्वतः लिहून दिलं, की सदर द्वारपालांचे बूट ही याच इसमाची चूक आहे, आणि ती गावानं आजवर सांभाळली आहे. खाली सही आणि देवस्थानचा शिक्का.

रविवारी मॅडमनी ते पान दोनदा वाचलं.

"काका, यात तुमच्या कामाची नाही, चुकीची खात्री दिलीय."

"मॅडम, तेवढंच शिल्लक आहे. आणि आकार माझ्या वडिलांच्या पायाचा आहे. ते आता नाहीत."

त्यांनी पेन उघडलं. 'मूळ काम' या रकान्यात माझी जागा कोरी होती. तिथं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'बूट, दोन जोड', आणि सही केली. मग म्हणाल्या, "तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतील. बुटांऐवजी बोटं का नाही काढली, हे विचारणारच. तयारी करून या."

म्हणून सध्या रोज संध्याकाळी मी वही घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसतो आणि बायकोचे पाय काढतो. चौथं बोट अजून जमत नाही.

"हलू नको," मी म्हणतो.

"भाजी करपाय लागली," ती म्हणते, आणि हलते.