दोन 'बरोबर' की तीन?

सोमवारी सकाळी मी ऑफिसात शिरले तेव्हा फेलिक्स आणि निकिता एकमेकांशी बोलत नव्हते. भांडणाचं कारण अर्धविराम होतं.

आमचं ऑफिस वसई पश्चिमेला, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. राऊत सर मालक, मी टीम लीड आणि कोड लिहिणारे हे दोघं. फेलिक्स माझ्याच गावचा, भुईगावचा, कंपनी सुरू झाली तेव्हापासूनचा. निकिता तुळिंजहून येते. मोठ्या कंपनीत दोन वर्षं काढून आमच्याकडे आलेली. दोघंही हुशार आणि दोघांच्याही सवयी पक्क्या.

जावास्क्रिप्ट या भाषेत ओळ संपली की अर्धविराम देतात. नाही दिला तरी भाषा बहुतेक वेळा समजून घेते. फेलिक्स देत नाही, निकिता देते. इथवर काही बिघडत नव्हतं. पण फेलिक्स निकिताची फाईल उघडली की तिचे अर्धविराम पुसायचा आणि निकिता त्याची उघडली की ते भरायची. दोघांनाही आपण साफसफाई करतोय असं वाटायचं.

त्रास मला व्हायचा. एकाने लिहिलेला कोड मुख्य कोडच्या आत घेण्याआधी दुसऱ्याने वाचायचा, याला आम्ही रिव्ह्यू म्हणतो. निकिताने दोन ओळी बदलल्या असल्या तरी माझ्या स्क्रीनवर तीनशे ओळी बदललेल्या दिसायच्या. त्यातल्या खऱ्या दोन कुठल्या, हे शोधता शोधता माझा चहा गार व्हायचा. मागच्या आठवड्यात अशाच गर्दीतून एक खरी चूक आत गेली होती. एका नाखव्याने आपल्या बोटीचं बर्फाचं बुकिंग रद्द केलं आणि आमच्या ॲपने त्याच्या पुढच्याचं रद्द केलं. तो रिव्ह्यू मीच पास केला होता.

ॲप पाचूबंदरच्या मच्छीमारांसाठी होतं. समुद्रात जाताना बोटीला बर्फ लागतो. नाखव्याने फोनवर बर्फ बुक करायचा, टोकन नंबर घ्यायचा आणि बंदरावरच्या काउंटरवर नंबर सांगून लाद्या उचलायच्या. मासेमारीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता.

राऊत सरांनी दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं, म्हणजे फेलिक्सचं संपूर्ण आणि निकिताचं अर्धं. मग मला आत बोलावून म्हणाले, "काहीतरी एक ठरव. काय ठरवलंस ते मला सांगू नकोस."

मी लिंटर बसवला. लिंटर म्हणजे कोड तपासणारा प्रोग्रॅम. तो कोड चालवून बघत नाही, फक्त वाचतो. शाळेतले कडक मास्तर निबंधाचा विषय न बघता शुद्धलेखनावर लाल खुणा करतात, तसं त्याचं काम. ठरवलेला नियम मोडला की ओळीखाली लाल रेघ. आणि मी असंही लावून ठेवलं की लाल रेघ शिल्लक असेल तर कोड आत जाणारच नाही.

नियम ठरवायला मीटिंग घेतली. ओळ आत किती सरकवायची, हे दोन मिनिटांत ठरलं. अर्धविरामाला दुपार गेली. फेलिक्सचं म्हणणं, भाषेला जे लागत नाही ते माणसाने का लिहावं. निकिताचं म्हणणं, भाषा कधीकधी चुकीचं समजते, तेव्हा रडायला कोण येणार. शेवटी दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी अर्धविरामाच्या बाजूने निकाल दिला.

फेलिक्सने तो निकाल मनावर घेतला. रविवारी मिस्सा संपून मी चर्चबाहेर आले, तर त्याची आई माझी वाट बघत उभी. माझा हात धरून बाजूला घेतलं आणि विचारलं, माझ्या पोराच्या मागे टिंबांसाठी का लागलीस. पोरगा एक्केचाळीस वर्षांचा आहे. मी म्हटलं, मावशी, ते टिंब नाही, त्याच्याखाली स्वल्पविरामही असतो. त्यांना माझं उत्तर उद्धट वाटलं असावं. आठवडाभर आमच्या घरी त्यांच्याकडून केळी आली नाहीत.

पुढच्या सोमवारी जुन्या कोडवर लिंटर पहिल्यांदा चालवला आणि स्क्रीन लालेलाल झाली. बहुतेक खुणा लिंटर स्वतःच दुरुस्त करतो. अर्धविराम, मोकळ्या जागा, अवतरणचिन्हं हे सगळं एका झटक्यात झालं. उरल्या शे-दीडशे खुणा, आणि त्या सगळ्या एकाच नियमाच्या होत्या.

तो नियम असा. जावास्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी सारख्या आहेत का, हे दोन प्रकारे विचारता येतं. दोन बरोबर-चिन्हं लिहिली तर भाषा सैलपणे बघते. आकडा म्हणून साठवलेला सात आणि अक्षर म्हणून टाइप केलेला सात, तिला दोन्ही सारखेच. तीन चिन्हं लिहिली तर ती काटेकोर होते आणि आकडा वेगळा, अक्षर वेगळं असं म्हणते. नेहमी तीनच लिहा, असा आमचा नियम. मात्र दोनाचे तीन करणं लिंटर स्वतःहून करत नाही. धोका असतो, म्हणून ते माणसावर सोडतो. माणसाने प्रत्येक जागी जाऊन विचार करायचा.

हे काम माणूस म्हणून फेलिक्सकडे आलं, कारण त्या ओळी त्याच्याच होत्या. त्याने फार विचार केला नाही. 'शोधा आणि बदला' उघडलं, सगळीकडे दोनाचे तीन केले आणि वीस मिनिटांत खुर्ची मागे सरकवली.

"घे," म्हणाला, "तुझा मास्तर खूश."

स्क्रीन हिरवी होती. निकिताने हिरवं बघून पास केलं. मीही हिरवं बघून पास केलं. ॲप उघडून तपासलंसुद्धा. यादीतल्या टोकनवर बोट ठेवलं, बुकिंग दिसलं. गुरुवारी दुपारी नवीन ॲप बंदरावर गेलं.

शुक्रवारी सकाळी सातला आग्नेसबाईंचा फोन आला. त्या पाचूबंदरला बर्फाचं काउंटर सांभाळतात. आवाज शांत होता, त्यामुळे मी जास्त घाबरले. टॅबलेटवर कुठलाही नंबर टाकला तरी 'असे टोकन नाही' येतंय, असं त्यांनी सांगितलं. बाहेर बोटींची रांग होती. भरतीचं पाणी उतरायच्या आत बोटी निघाल्या नाहीत तर चिखलात बसणार होत्या, आणि बर्फाशिवाय निघून उपयोग नव्हता.

मी फेलिक्सच्या घरासमोर स्कूटर थांबवली. तो दाढी अर्धी करून लॅपटॉपसह मागे बसला. अर्ध्या रस्त्यात त्याला कारण सापडलं. आम्ही ऑफिसात टोकन यादीतून निवडलं होतं, म्हणजे आकडा. आग्नेसबाई ते टाइप करतात, आणि टाइप केलेलं सगळं भाषेला अक्षर वाटतं. दोन चिन्हं होती तोवर चालून जात होतं. तीन झाल्यावर एकाही बोटीचं टोकन जुळेना.

बंदरावर पोहोचलो तर आग्नेसबाईंनी टॅबलेट बाजूला ठेवून खडू उचलला होता. बर्फखान्याच्या दारावर त्या नंबर लिहीत होत्या, नाखवे आपापल्या फोनवरचं टोकन दाखवत होते आणि लाद्या चालल्या होत्या, पण फार हळू. त्यांनी काय झालं ते विचारलं. मी जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं की लिहिलेला सात आणि मोजलेला सात मशीनला आता वेगळे वाटतात.

त्यांनी खडू खाली केला. "बाय, सात म्हंजे सात," म्हणाल्या. "लिवला कोनी न् मोजला कोनी, त्यानं सात बदलतो काय?"

फेलिक्सने माझ्याकडे पाहिलं. "मी आठ वर्षं हेच सांगतोय," तो म्हणाला. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं की चूक त्याचीच आहे, कारण तो लगेच माशांचा एक क्रेट उलटा करून त्यावर बसला आणि लॅपटॉप उघडला.

दुरुस्ती एका ओळीची होती. टाइप केलेल्या टोकनाचा आधी आकडा करायचा, मग तुलना. त्याने ओळ लिहिली, माझ्या फोनचं इंटरनेट घेतलं आणि कोड पाठवला. गेला नाही. खाली लाल रेघ. ओळीच्या शेवटी अर्धविराम नव्हता.

तपासणी चुकवून कोड पाठवायची एक वाट असते. ती त्याला माहीत होती, मलाही माहीत होती. मागे एक नाखवा घड्याळ बघत होता. मी म्हटलं, "टाक." फेलिक्सने अर्धविराम असा टाकला की क्रेट हलला.

पाच मिनिटांत टोकनं जुळायला लागली. शेवटची बोट निघाली तेव्हा तिचा तळ वाळूला घासल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला, पण निघाली. आग्नेसबाईंनी आम्हाला चहा पाजला आणि पुढचे चार दिवस टॅबलेटसोबत दारावर खडूनेही नंबर लिहिले. कोणी त्यांना थांबवलं नाही.

राऊत सरांनी विचारलं की हे पास कोणी केलं. मी म्हटलं, मी. निकिता म्हणाली, मीपण. फेलिक्स म्हणाला, लिहिलं मी. सर म्हणाले, तिघांनी मिळून एक कोड वाचला असता तर बरं झालं असतं.

नियम आम्ही काढला नाही. तीन चिन्हं आजही आहेत आणि ती असायलाच हवीत. फक्त एवढं ठरवलं की एका वेळी एकच नियम आणायचा, आणि लाल रेघ का आली हे ज्याला सांगता येत नाही त्याने ती पुसायची नाही. शिवाय टोकन टाइप करूनच तपासायचं. फेलिक्स आता या बाबतीत आमच्यापेक्षा कडक झालाय. परवा त्याने माझा कोड परत पाठवला. त्यात मी एका आकड्याला नाव देऊन ठेवलं होतं, पण ते नाव पुढे कुठेच वापरलं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाला, नियम आहे.

मी अजूनही रिव्ह्यू करते. आधी हिरवी खूण बघायचे आणि पास करायचे. आता हिरवी खूण बघते आणि मग कोड वाचते.