आईने पास केलेल्या ओळी

परदेशातले, कमी पैशांत काढलेले, चक्रम म्हणावेत असे सिनेमे आणायचे, त्यांना मराठी सबटायटल्स लावायची आणि फिल्म क्लबांना, कॉलेजांना, एखाद्या धाडसी थिएटरला द्यायचे, हा आमचा धंदा. कंपनी म्हणजे मी आणि कॉलेजपासूनचा एक मित्र. ऑफिस म्हणजे नवीन पनवेलमधल्या माझ्याच घराची पुढची खोली. न्हावा शेवा बंदराकडे कंटेनरचे ट्रेलर जायला लागले की खिडक्या लावून घ्यायच्या, नाहीतर सिनेमातली कुजबुज ऐकू येत नाही.

सबटायटल्स मी लिहायचे आणि आई पास करायची. बँकेतून निवृत्त झालेल्या आईला ना फ्रेंच कळायचं ना कोरियन, म्हणूनच ती उपयोगाची. ती "काय म्हणाला गं?" असं जिथे विचारेल ती ओळ नापास. मित्र तिला आमचं सेन्सॉर बोर्ड म्हणायचा. त्यावर, बोर्डाला निदान चहा तरी वेळेवर मिळत असेल, असं ती ऐकवायची.

गेल्या वर्षी एका सिनेमाला ती सारखीच विचारायला लागली. ओळ लांब झाली असेल म्हणून मी ती तोडली. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तोडली. अक्षरं मोठी केली. चष्म्याचा नंबर तपासून आणला, तो होता तसाच होता. मनात शंकेची पाल चुकचुकत होती, पण मला ती ऐकायचीच नव्हती.

मित्र वैतागला. माणूस मिनिटभर बोलतोय आणि खाली तीन शब्द, लोक आपल्याला हसतील, म्हणाला. लोकांनी सिनेमा बघायचा की वाचत बसायचं, असं काहीबाही बोलून मी त्याच्या अंगावर गेले. खरं म्हणजे मी घाबरले होते. आई भाजीत मीठ घालायला विसरली असती तर मी वयावर ढकललं असतं. पण आमच्या घरात पेपर आधी आईच्या हातात जायचा. अलीकडे तो घडीसुद्धा न मोडता पडून असतो, हे त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं.

शेवटी एका रविवारी दुपारी मी आमचा अगदी पहिला सिनेमा लावला. दोन म्हातारे भाऊ गाढव विकायला निघतात आणि वाटभर भांडतात. पूर्वी आई तो बघताना पोट धरून हसली होती. या वेळी तिने एकदाही काही विचारलं नाही. पहिल्या विनोदाला हसली, दुसऱ्यालाही हसली. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि उगाच घाबरल्याबद्दल स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

तिसऱ्या विनोदाच्या वेळी मी चहाचा कप उचलायला वाकले होते, म्हणून हसायची राहिले. आईही हसली नाही. वर पाहिलं तर ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

मला खात्री करून घ्यायची होती. पुढे गाढव मरतं आणि धाकटा भाऊ रस्त्यातच बसून रडतो. तिथे मी मुद्दाम मोठ्याने हसले. आई माझ्याहून मोठ्याने हसली.

मला पुढे हसता येईना. माझा चेहरा तिने पाहिला, हसू घाईघाईने आवरलं आणि माझ्या मनगटावर हात ठेवून हळूच विचारलं, "इथे हसायचं नव्हतं का गं?"