सलीमभाईंचे लाल गोल

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. लॅपटॉप उघडला की पंख्यावर धुळीचा थर निघतो ना, तसे. मित्र भेटले की म्हणतात, "दिलीप, सांग रे एखादा!" मी सांगतो, ते हसतात. पण त्या अपग्रेडच्या सीझनचे किस्से काढले की मी अर्ध्यावर थांबतो. कारण ते सगळे फिरून फिरून सलीमभाईंच्या नोकरीपाशी येतात. आज म्हटलं, होऊन जाऊ दे.

तर आमचं दुकान जळगावात. कॉम्प्युटर दुरुस्तीचं. माणसं चार. मालक, म्हणजे शेठ. फोनवर वंदनाताई. मी. आणि सलीमभाई, बावन्न वर्षांचे, रोज भुसावळहून अप-डाऊन करणारे. मला स्क्रू ड्रायव्हर कसा धरायचा हेही त्यांनीच शिकवलं.

दुकानात तक्रारींचं एक जाडजूड रजिस्टर. एकदा दुरुस्त केलेल्या घरून पुन्हा फोन आला, की वंदनाताई दुरुस्त करणाऱ्याच्या नावापुढे लाल पेनाने गोल काढणार. आणि ज्याचा गोल, त्यानेच परत जायचं, मग ते घर धुळ्याला असो की पहूरला. शेठचा नियम!

नवी सिस्टीम आली. लोकांनी हौसेने अपग्रेडचं बटण दाबलं आणि दुसऱ्या दिवसापासून वाय-फाय रांगायला लागलं. फोनवर फोन. शेठने एक दिवस आम्हा दोघांना समोर उभं केलं. "हा सीझन संपला की मला एकच टेक्निशियन परवडेल. लोक आता दुरुस्त करत नाहीत, नवीन घेतात. ज्याचे लाल गोल जास्त, त्याने दुसरीकडे बघावं."

मी गारच पडलो. सलीमभाईंनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "शेठ, आज साखर कमी आहे."

* * *

पहिला गोल माझाच पडला.

पहूरचे एक केळीवाले काका. नवीन लॅपटॉप, नवीन सिस्टीम, आणि नेट बंद पडल्यासारखं. मी गेलो, वाय-फायचा ड्रायव्हर बदलला. आता हा ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉपला त्याचं वाय-फाय कसं वापरायचं हे सांगणारा छोटा प्रोग्रॅम. अपग्रेडमध्ये जुना जातो, भलताच येऊन बसतो, आणि निम्मी भानगड तिथेच असते. काम झालं, मी परत आलो. चौथ्या दिवशी पुन्हा फोन!

पुन्हा गेलो. दोन तास डोकं फोडलं. शेवटी विचारलं, "काका, राऊटर कुठंय?"

काकांनी कमरेची किल्ली काढली आणि लोखंडी कपाट उघडलं. आत, लुगड्यांच्या घडीवर, राऊटर! मागे वायरीपुरतं भोक पाडलेलं.

"अहो काका, कपाटात?"

"मंग? नवं यंत्र हाय. चोरीले गेलं तं?"

पहिल्या खेपेला ते टेबलावर होतं. मी जाताना "जपून ठेवा हं" असं म्हणालो होतो. म्हणजे चूक कोणाची? वंदनाताईंनी गोल काढताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

* * *

दुसरा किस्सा भुसावळचा. रेल्वेतून रिटायर झालेले एक गार्ड, सगळे त्यांना नाना म्हणतात. रेल्वे कॉलनीजवळच राहतात. सलीमभाई गेले तर नानांनी वहीच पुढे ठेवली. "१६.१०, बातम्यांचा व्हिडिओ, चार मिनिटे लेट. १६.२५, मेल उघडली नाही, सिग्नल नाही." महिनाभराची नोंद, खाली सही!

सलीमभाईंनी वही शांतपणे वाचली. रोजचा घोळ चारनंतरचाच होता. म्हणाले, "नाना, चार वाजता तुम्ही कुठे बसता?"

"गॅलरीत. तिथून गाड्या दिसतात."

"बस्स! लॅपटॉप ठीक, लाईन ठीक. तुम्ही प्लॅटफॉर्म बदलता, एवढंच."

नाना खो खो हसले. सलीमभाईंनी सांगितलं, आतल्या खोलीत बसा. आणि आठवड्याने पुन्हा तक्रार! नाना गॅलरी सोडायला तयारच नाहीत. म्हणे, "आता गाडीवर जाता येत नाही, निदान दिसू तरी दे."

सलीमभाई एवढंच म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." आणि स्वतःच्या नावापुढचा गोल नीट आलाय का ते वाकून बघितलं.

* * *

एक क्लासवाले सर होते, जळगावातलेच. वीस कॉम्प्युटर, सगळे एकाच दिवशी अपग्रेड केलेले. सगळे मागून गुपचूप अपडेट ओढत बसलेले आणि पोरांच्या परीक्षेचं पान काही उघडेना.

सलीमभाईंनी समजावलं, "सर, वीस बाया एका नळावर हंडे घेऊन उभ्या आहेत. पाणी कमी नाही, घाई जास्त आहे. अपडेटची वेळ मी बदलून देतो, क्लास सुटल्यावरची."

सरांना नळ तेवढा कळला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर वेळापत्रक लागलं! रोल नंबर एक ते पाच, नेट वापरण्याची वेळ दहा ते सव्वादहा. पोरांच्या आईबापांनी सरांना धरलं, सरांनी आम्हाला धरलं. गोल कोणाला? सलीमभाईंना!

मी चिडलो. म्हटलं, "शेठला सांगा ना, तुमची चूक नाही म्हणून!"

"सांगून काय होतं? रजिस्टरमध्ये कारण लिहायला जागा कुठंय?"

खरंच, नव्हती. नाव, गाव, तारीख आणि गोल. एवढेच रकाने.

* * *

मध्येच एक छोटी गोष्ट सांगतो, ती हसण्यासारखी नाही. सलीमभाईंची बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगी सुरतेला दिलेली. आधी त्यांचा डबा उघडला की सगळं दुकान गोळा व्हायचं. भाभी गेल्यावर डबा बंद झाला. दुपारी बिस्किटाचा पुडा आणि चहा. मी माझ्यातली पोळी पुढे केली की म्हणायचे, "पोट भरलंय रे." पुडा अर्धा शिल्लक असायचा. मला वाईट वाटायचं, पण मी दुसऱ्यांदा कधी विचारलं नाही. आपली माणसं अशीच असतात, एकदा विचारतात.

* * *

आता देवपूर.

धुळ्याला, पांझरा नदीच्या पलीकडे, अक्का राहतात. रिटायर शिक्षिका, घरात एकट्याच. शाळेत शुद्ध मराठी, घरात अहिराणी. मुलगा पुण्याला. त्याने लॅपटॉप घेऊन दिला, कारण रविवारी नातीचं तोंड बघायचं असतं. अक्कांनी अपग्रेडचं बटण दाबलं आणि नात अडकायला लागली.

सलीमभाई गेले. झालं म्हणून आले. पंधरा दिवसांनी अक्कांचा फोन. वंदनाताई तो आवाज काढून दाखवायच्या, "ताई, नेट मंद शे!" सलीमभाई परत गेले. पुन्हा पंधरा दिवसांनी, "मंद शे!" एसटीने धुळ्याला जायचं, दिवस मोडायचा, संध्याकाळी यायचं. चार वेळा झालं. चार गोल! सलीमभाई एकूण सहावर गेले, मी, आणखी एक किरकोळ गोल धरून, दोनवर होतो.

खरं सांगू? मला आतून हायसं वाटत होतं. घरी दोन पोरं आहेत माझ्या.

पाचव्यांदा फोन आला तेव्हा शेठने नियम मोडला. "सलीम नको. दिलीप, तू जा. बघू दे, मशीन खराब आहे की माणूस."

मी गेलो. अक्कांनी दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"सलीमभाऊ नही उना का?"

"त्यांना दुसरं काम होतं, अक्का."

"बरं. बस."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी लॅपटॉप उघडला. ड्रायव्हर बरोबर होता, सलीमभाईंनीच टाकलेला. पण आत सेटिंगमध्ये वाय-फाय सगळ्यात जुन्या, सगळ्यात हळू पद्धतीवर बांधून ठेवलेलं. हे अपग्रेडने होत नाही. आत शिरून हाताने निवडावं लागतं.

मला वाटलं, गेले! सलीमभाईंचे डोळे गेले. वय झालं. मी सेटिंग बदललं, स्पीड तपासला. अजून जरा कमी होता, पण कामाला पुरे. घड्याळ पाहिलं. आठ मिनिटं.

आणि मी, शहाणा माणूस, तिथल्या तिथे शेठला फोन लावला! "झालं शेठ, आठ मिनिटांत! हाताने चुकीचं सेटिंग केलेलं होतं."

शेठ म्हणाले, "म्हणजे सलीमच चुकत होता. बरं झालं कळलं." आणि फोन ठेवला.

तेवढ्यात अक्का ताट घेऊन आल्या. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा, वर तेलाची धार. एवढं सगळं माझ्यासाठी केलेलं नव्हतं, हे मला कळत होतं.

"नेट बरं व्हयनं का?"

"एकदम! आता परत त्रास नाही."

अक्कांचा चेहरा उतरला. "परत त्रास नही म्हंजे? मंग तो आते येवाव नही का?"

त्या उठल्या, स्वयंपाकघराच्या दारातल्या फळीपाशी गेल्या. फळीवर पिठाचा दहा किलोचा स्टीलचा डबा होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी ओढून खाली घेतला. मागे राऊटर.

"मीच ठेवस हाऊ डबा," अक्का म्हणाल्या. "सलीमभाऊ गया का ठेवस. रविवारले काढस, नात दखाले पाहिजे. सोमवारले परत ठेवस." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पन यी खेप डबा काढा तरी मंद व्हतं. नात दिसनी, पन अडकी अडकी. ते मनं काम नही, भाऊ."

लॅपटॉपवर स्पीड एकदम वर गेला होता. मी ताटाकडे पाहिलं.

"तो जेवस का तुमच्याकडे?" मी विचारलं. त्यांच्याच बोलीत, कसं कोण जाणे.

"जेवस. पोटभर जेवस. भाभीबद्दल बोलस. मी मना घरधनीबद्दल बोलस. मंग ताट घासाले बसस, ऐकत नही." अक्कांनी पदराने डबा पुसला, पुसायची गरज नव्हती तरी. "मी फोन करस म्हनीसन त्याले काही बोलतस का दुकानमा?"

"नाही अक्का," मी म्हणालो. "काही नाही बोलत."

एसटीत बसल्यावर शेठला पुन्हा फोन लावला. म्हटलं, शेठ, गफलत झाली, चूक सलीमभाईंची नाही. शेठ म्हणाले, "मग कोणाची?" अक्कांचं नाव सांगवेना. म्हटलं, अपग्रेडची. शेठ म्हणाले, "आठ मिनिटांत जाते ती चूक अपग्रेडची नसते, दिलीप."

* * *

शनिवारी शेठने सलीमभाईंना हिशोब करून मोकळं केलं. कसला आवाज नाही, काही नाही. वंदनाताई रजिस्टरमध्ये तोंड खुपसून बसल्या. सलीमभाई आपला ड्रॉवर रिकामा करत होते. मल्टीमीटर, दोन ब्रश, भाभींनी शिवलेली स्क्रूंची पिशवी.

मला लाज वाटत होती. जवळ गेलो. त्यांनीच विचारलं.

"किती वेळ लागला रे तुला, देवपूरला?"

"आठ मिनिटं."

"हं." ब्रशची धूळ झटकली. "मला सात लागायची."

मी म्हटलं, "सलीमभाई, अक्का राऊटरपुढे डबा ठेवायच्या. तुम्हाला माहीत होतं?"

"पिठाचा ना? स्टीलचा. पहिल्या खेपेला मीच सांगितलं होतं त्यांना, अक्का, राऊटरपुढे स्टील ठेवू नका, नेट अडतं." ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. "हुशार बाई. एकदाच सांगावं लागलं."

"मग दर वेळी तुम्ही काय करायचात?"

"डबा खाली घ्यायचो. जेवायचो. यायचो."

"अहो, मग ते सेटिंग? ते कशाला बांधून ठेवलंत? त्यानेच तर सगळं झालं! डबा होता ना!"

सलीमभाईंनी पिशवीची नाडी ओढली, गाठ मारली, पिशवी खिशात टाकली.

"मागच्या खेपेला गेलो," ते म्हणाले, "तर अक्का डबा ठेवायला विसरल्या होत्या."