मामांच्या गाडीचे पाच गिअर

“हिला अजून दोन गिअर पायजेत, वैनी.”

आमच्या पिकअपमधून उतरताना मामांचं हे वाक्य ठरलेलं. दार लोटायचं, बॉनेटवर तळहात ठेवून इंजिन किती तापलंय ते बघायचं, आणि घरातल्या आजारी माणसाबद्दल डॉक्टरला सांगावं तसं मला सांगायचं.

सोलापुरात आमचा मंडप आणि भांडी भाड्याने देण्याचा धंदा होता. यजमानांनी पाठीच्या दुखण्याने अंथरूण धरलं आणि तो माझ्याकडे आला. कुठल्या लग्नाला किती सतरंज्या गेल्या, किती पातेली परत आली, कशाला पोचा पडला, सगळ्याच्या याद्या मी ठेवायची. गाडी मात्र मामांच्या हाती; ते आमचे ड्रायव्हर. ते कुणाचे मामा हे कुणालाच माहीत नव्हतं. हमालांपासून नवरदेवाच्या वडिलांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत.

गाडी जुनी, परदेशी बनावटीची. तीनच गिअर, आणि त्यांचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. भरलेली गाडी तुळजापूरच्या घाटात पहिल्या गिअरवर सरपटत चढायची, आणि अक्कलकोटच्या सरळ रस्त्याला तिसऱ्यात जीव तोडून ओरडायची. मामांना दोन्हींचा त्रास व्हायचा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी स्वतःसाठी काही मागत नाहीत, पण एका गोष्टीचा पिच्छा सोडत नाहीत.

बहात्तरचा दुष्काळ सरला, लग्नं पुन्हा थाटात व्हायला लागली, तेव्हा मी हो म्हटलं. पितृपंधरवड्यात मंडपाला काम नसतं, म्हणून तेव्हाच गाडी गॅरेजला दिली. मिस्त्रींनी भंगारात निघालेल्या एका लॉरीची पाच गिअरची पेटी आणली होती. ती इंजिनला जुळेना म्हणून मध्ये जाड लोखंडी प्लेट घातली, मागचा शाफ्ट कापून आखूड केला, आणि नवा दांडा वर यायला गाडीच्या तळाला भोक पाडलं. मामा रोज तिथे जाऊन बसायचे.

“अब घाट में गाना गाते जाव, मामू,” मिस्त्री म्हणाले.

“गाडीच म्हणंल गाणं,” मामा म्हणाले.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. अंगणात घासलेली पातेली, पराती, झारे मांडले होते. त्यांच्या पुढे गाडी, झेंडूच्या माळा घातलेली. टांगा स्टँडवरचे लोक, शेजारीपाजारी, सगळ्यांना मामांनी स्वतः बोलावलं होतं. नवा सदरा घातला होता. पूजा झाली, चारही चाकांपुढे लिंबं ठेवली. आता गाडी त्यावरून पुढे न्यायची, एवढंच.

नव्या पेटीत पहिला गिअर डावीकडे वर होता आणि रिव्हर्स बरोबर त्याच्या खाली. मामांच्या हाताला मात्र इतक्या वर्षांची सवय, पहिला म्हणजे दांडा खाली ओढायचा. त्यांनी ओढला. गाडी ताडकन मागे गेली आणि पातेल्यांच्या उतरंडीत घुसली.

भांड्यांचा आवाज थांबल्यावर एक हमाल म्हणाला, “मामा, लिंबं पुढं हायती की.”

“गाडी म्हायेरला निघाली वाटतं,” टांगेवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, आणि सगळं अंगण हसलं.

मामाही हसले असते तर ते तिथंच मिटलं असतं. ते उतरले, कुणाकडे न बघता पातेली गोळा करायला लागले, आणि एक चेपलेलं पातेलं नव्या सदऱ्याच्या बाहीने पुसत राहिले. मला बघवेना. मी भटजींच्या दक्षिणेची गडबड दाखवून आत गेले.

त्यानंतर मामा कुणासमोर गाडी चालू करीनात. हमालांना म्हणायचे, “चा पिऊन या जावा,” आणि ते गेले की गाडी बाहेर काढायचे. घरी जायला टांगा स्टँड टाळून लांबचा रस्ता धरला, कारण तिथं कुणी ना कुणी विचारायचंच, “मामा, आज पुढं का मागं?” गाडी वाटेत बंद पडायची, गिअर खरवडल्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत यायचा.

मी रोखठोक बोलणारी. एका सकाळी म्हटलं, “मामा, जुनी पेटी मिस्त्रींकडे तशीच आहे. परत बसवून घेऊ.”

“मीच मागितल्याला गिअर हाय. आता नको कसं म्हनू?”

“मग तुळशीच्या लग्नापर्यंत हात बसायला हवा. पहिलंच लग्न घाट चढून तुळजापूरला आहे. नाही जमलं तर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल.”

“व्हय,” ते म्हणाले. “बराबर हाय तुमचं.”

पुढे एका दुपारी मी सतरंज्या मोजायला गोदामात गेले. मामा तांदळाच्या पोत्यावर बसले होते. समोर गुंडाळलेल्या सतरंज्यांच्या ढिगात आचाऱ्याचा लांब झारा खोचलेला, आणि त्याची मूठ धरून ते सावकाश डावीकडे, वर, मध्ये, खाली असं करत होते. डोळे मिटलेले. डावा पाय जमिनीवर दाबत होते, क्लच समजून. मी उलट पावली फिरले, पण दार करकरलं. त्यांनी डोळे उघडले. झारा उपसला, धोतराला पुसला आणि जागेवर नेऊन ठेवला. मी सतरंज्या मोजायला घेतल्या.

तुळजापूरच्या लग्नाला जाताना मी त्यांच्या शेजारी बसले. गाडी ठासून भरलेली, मागे एसटी हॉर्न वाजवत होती. मामांनी चौथ्यातून तिसरा, वळणावर दुसरा घेतला, कुठेही खरखर नाही. चढ संपला.

“बसला की हात, मामा,” मी म्हटलं.

ते रस्त्याकडेच बघत होते. “कुनाला सांगू नका.”

“का? चांगलं चालवताय.”

“शिकलो म्हनून सांगायचं, म्हंजी येत नव्हतं हे बी सांगायचं की.”

ती लग्नसराई त्यांनी नीट पार पाडली. शेवटचं मंडपाचं सामान गोदामात उतरलं तेव्हा त्यांनी गाडी धुतली आणि किल्ली माझ्यापुढे ठेवली. कुंभारीला बहिणीचं शेत होतं, तिकडे जातो म्हणाले. मी कामाची कारणं दिली, पगाराचं बोलले, शेवटी रागावलेसुद्धा.

“गाडीचं काय न्हाय, वैनी,” ते म्हणाले. “गाडी येती मला. पर त्या दिवशीचं सगळ्यांनी बघितलंय.”

पुढच्या वर्षी कुंभारीच्या अलीकडे ते रस्त्याने चालत जाताना दिसले. डोक्यावर कडब्याची पेंढी. मी नव्या ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि सरकून पुढे जागा केली. मामांनी नकारार्थी मान हलवली, पेंढी मागे टाकली आणि सतरंज्यांवर चढून बसले, तोंड मागच्या रस्त्याकडे करून. फाटा आला तसं पत्र्यावर थाप मारून उतरले. मी काही विचारलं तर “बरं हाय, बरं हाय” म्हणाले. मग पेंढी डोक्यावर घेतली आणि गाडीकडे पाठ करून कडेला उभे राहिले, ड्रायव्हर गाडी हलवत असताना आपण बघत नाही, हे त्याला कळावं म्हणून.