शनिवारच्याच सळ्या का तुटत होत्या

डुंडाप्पा चोर आहे असं रणजितदादा सगळ्यांदेखत म्हणाले, तेव्हा माझ्या तोंडात डुंडाप्पाच्याच बायकोनं थापलेली भाकरी होती. जेवणाची सुट्टी होती. घास गिळू का थुंकू कळेना. गिळला. मी उपाशी राहून कुणाचं भलं होणार नव्हतं.

आमची मंडळी गेल्यापासून माझा डबा डुंडाप्पाच्या घरनं येतो. मी मागितला नव्हता. दिवसकार्य उरकून कामावर आलो तर ह्यानं दोन डबे आणलेले. एक माझ्यापुढं सरकवला, बोलला काही नाही. तो गडहिंग्लजच्या पलीकडचा, कानडी वळणाचा, मुळातच कमी बोलतो. मी सातवी नापास आणि तोंडाचा फाटका. त्यामुळं आमचं जमतं. वय झालंय तरी मी कोल्हापूरजवळ शिरोलीला एमआयडीसीत कामाला जातो, कारण कळंब्याच्या घरात आता भांडायला कोणी नाही.

आमची फौंड्री निकेलच्या कास्टिंगची. साधं पोलाद लालबुंद तापलं की मऊ पडतं, वजन दिलं की वाकतं. निकेलमध्ये क्रोम आणि आणखी चार महागडे धातू घालून जे करतात, ते लाल झालं तरी ताठ राहतं. गाडीच्या टर्बोतलं चाक, मोठ्या भट्ट्यांतल्या जाळ्या, असल्या गोष्टी त्याच्या होतात. एका वेळी भट्टीत जेवढं वितळतं त्याला आम्ही हीट म्हणतो. भट्टीचं अस्तर मी बघतो, भट्टी डुंडाप्पा चालवतो. मालक रणजितदादा.

प्रत्येक हीटमधनं परीक्षेच्या सळ्या ओततात. लॅबमध्ये ती सळी छोट्या भट्टीत तापवत ठेवायची, खाली वजन टांगायचं आणि कधी तुटते ते बघत बसायचं. ह्याला स्ट्रेस रप्चर टेस्ट म्हणतात. संसार केलेल्या माणसाला हे वेगळं शिकवायला लागत नाही. ठरलेल्या मुदतीपलीकडं सळी टिकली की माल पास.

तर सळ्या मुदतीआधी तुटायला लागल्या. सगळ्या नाहीत, फक्त शनिवारच्या हीटच्या. हे पकडलं लॅबच्या मुल्ला मॅडमनी. मंगळवार पेठेतली पोरगी, पुण्याला शिकून आलेली. तिनं दादांना सांगितलं आणि दादांनी त्यावरनं जो काही शोध लावला तो जेवणाच्या सुट्टीत आम्हाला ऐकवला.

त्यांचं म्हणणं असं. ओतायच्या आधी वितळलेल्या धातूचा नमुना स्पेक्ट्रोवर जातो. हे मशीन नमुन्यावर ठिणगी पाडतं आणि आत कुठला धातू किती ते सांगतं. स्पेक्ट्रो म्हणतोय सगळं बरोबर. मग सळी तुटते कशी? तर नमुना दिल्यावर डुंडाप्पा भट्टीत भंगार ढकलतो आणि तेवढं चांगलं निकेल बाहेर नेतो. शनिवारीच का? कारण शनिवारी सकाळी दादा भट्टीची पूजा करतात, निकेलची पहिली वीट आपल्या हातानं भट्टीत सोडतात आणि शाहूपुरीच्या ऑफिसला जातात. एरवी ते इथंच असतात, शनिवारी मागं बघायला कोण?

"मी न्हाय केलं," डुंडाप्पा म्हणाला. एवढंच.

दादांनी त्याला भट्टीवरनं काढून गेटजवळ साफसफाईला लावलं, सोक्षमोक्ष होईपर्यंत. बाहेरच्या लोकांना ही शिक्षा हलकी वाटेल. पण एमआयडीसीत चोर म्हणून नाव झालं की दुसऱ्या गेटवरचा वॉचमनही उभं करत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन डबे आणले, माझा दिला, आपला उघडलाच नाही. मी त्याला दोन शिव्या घातल्या. तरी जेवला नाही.

मी लॅबमध्ये गेलो आणि मॅडमना म्हणालो, तुमच्या त्या सळीनं माझ्या माणसाचं जेवण बंद केलंय, जरा बघा की. तिनं मला खुर्ची दिली आणि तुटलेल्या सळीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला.

"तात्या, गूळ फोडलाय कधी?"

"कोल्हापुरात जन्मलोय मी."

"मग बघा. धातूलाही गुळासारखा रवा असतो. चांगली सळी तुटायच्या आधी ताणली जाते, लांबते. ही लांबलीच नाही. रव्याला रवा जिथं चिकटतो तिथनंच सुटत गेलीय."

बघितलं. खरंच, जुन्या कोरड्या ढेपेसारखी दिसत होती. मॅडम म्हणाल्या, त्या सांध्यांत काहीतरी बसलंय, इतकं थोडं की आमच्या स्पेक्ट्रोला दिसत नाही. तिनं तुकडा बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवला. रिपोर्ट आला: शिसं. शिसं लवकर वितळतं. सळी तापली की रव्यांच्या सांध्यात त्याचं पाणी होतं आणि रवे एकमेकांचा हात सोडतात. अख्ख्या हीटला चिमूटभर पुरतं.

मला वाटलं डुंडाप्पा सुटला. उलटंच झालं. दादा म्हणाले, शिसं भंगारातच असतं, मी काय सांगत होतो? सोमवारी कस्टमरचा माणूस येणार आहे, त्याच्या आधी डुंडाप्पाचा हिशेब करून टाका.

संध्याकाळी मॅडमनी मला लॅबमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"तात्या, शेंदूर कशाचा करतात माहिताय?"

"मारुतीला विचारा."

"शिशाचा. सगळा नाही आता, पण जुन्या पद्धतीचा असतो."

मग मला दिसलं. म्हणजे दर शनिवारी दिसतच होतं. दादांच्या आजोबांच्या तालमीतला मारुती, त्याचा तेलात कालवलेला शेंदूर दादा वाटीतनं आणतात. निकेलच्या पहिल्या विटेला हात भरून फासतात, माथा टेकतात आणि वीट भट्टीत सोडतात. मोठी ऑर्डर आल्यापासनं हा नेम. आम्ही सगळे चपला काढून हात जोडून उभे. नारळाचा तुकडा मीही खाल्लाय. गाडीला लिंबू-मिरची बांधलेली असते, तिकडं कोण बघतं? तसंच हे.

मॅडमनी वाटीच्या काठाला लागलेला शेंदूर कागदावर घेऊन तपासला होता. शिसंच.

"मग सांगा की दादांना," मी म्हणालो.

"मी मुल्ला, तात्या. मी जाऊन सांगू, तुमच्या मारुतीच्या शेंदरानं माल बिघडला? उद्या गावभर माझा फोटो फिरेल मोबाईलवर."

तिचं काही चुकत नव्हतं. मग ती माझ्याकडं बघायला लागली.

माझं देवाशी तसंही बिनसलं होतं. मंडळी दवाखान्यात होती तेव्हा मी दिसेल त्या देवापुढं वाकलो. मारुतीलाही तेल वाहिलं. त्यानं तेल ठेवून घेतलं, माणूस दिलं नाही. आता तो माझं आणखी काय वाकडं करणार होता? दुसरा दिवस शनिवारच होता.

सकाळी दादा ताट घेऊन आले. विटेला शेंदूर फासला, उदबत्ती ओवाळली. वीट उचलायला वाकले तसा मी मध्ये गेलो.

"दादा, चोर सापडलाय."

"पूजा होऊ द्या, तात्या. कोन हाय?"

"तुमच्या ताटात हाय."

कोणी हसलं नाही. दादांचा चेहरा त्या शेंदरी विटेसारखा झाला. मग मॅडम पुढं आल्या आणि शिसं, शेंदूर, रवा सगळं शांतपणे सांगितलं. पोरगी मध्ये कुठं थांबली नाही.

"आमच्या आजोबांनी जन्मभर हाच शेंदूर कपाळाला लावला," दादा म्हणाले. "काय झालं त्यांना?"

"त्यांना कुणी भट्टीत घातलं न्हवतं," मी म्हणालो.

दादा चिडले खरे, पण धंद्याचा माणूस. म्हणाले, दोन हीट घ्या. एक ह्या विटेची, एक बिनशेंदराची. दोन्ही डुंडाप्पानंच चालवायच्या आणि मी इथंच खुर्ची टाकून बसणार. ऑफिस गेलं खड्ड्यात. आणि बसले. नमुना दिल्यावर भट्टीत कोणी काडीही टाकली नाही, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

दोन्ही सळ्या शेजारी शेजारी टांगल्या. कस्टमरच्या माणसाला मॅडमनी फोन करून खरं ते सांगितलं आणि वेळ मागून घेतला. शेंदराची सळी मुदतीच्या निम्म्यातही पोचली नाही. दुसरी मुदत उलटून गेली तरी लोंबकळत होती.

मग दादा गेटवर गेले आणि डुंडाप्पाला हळूच म्हणाले की उद्यापासनं भट्टीवर ये.

डुंडाप्पा खराट्यावर हात ठेवून म्हणाला, "त्या दिवशी जेवताना बोललासा. आता पण जेवताना बोला."

त्याच्या तोंडून इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. दादा निघून गेले. वाटलं, संपलं. पण जेवणाच्या सुट्टीत आले, बाकीच्यांचे डबे उघडेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "डुंडाप्पा चोर न्हाय. माझी चूक झाली." डुंडाप्पानं मान हलवली आणि डब्याचं झाकण काढलं.

शनिवारची पूजा आता गेटच्या खांबाला होते. खांबाला काय, कितीही फासा. मारुतीनं मनावर घेतलेलं दिसत नाही. त्यालाही भट्टीजवळ उकडतच असणार.

दादांना मी नंतर फार टोचलं नाही. मंडळी गेली तेव्हा मीही चोरच शोधत फिरत होतो. डॉक्टरला शिव्या दिल्या, गोळ्यांना दिल्या, शेजारणीनं दिलेल्या काढ्याला दिल्या. रिपोर्टात होतं ते तिच्याच अंगात कणाकणानं साठत आलेलं, कुणी टाकलेलं नव्हतं. चोर सापडला असता तर बरं वाटलं असतं. म्हणून सांगतो, सळी तुटली की आधी सळी बघावी. माणसं कुठं पळून जात नाहीत.

डबा अजून येतो. परवा आमटीत मीठ जास्त होतं. मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण थोडंच.