माझ्या आवाजाच्या मागे कुंडलपर्यंत

स्वारगेटहून वाईची सकाळची गाडी धरली तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, घशासाठी ज्येष्ठमध आणि एक जाडजूड फाईल होती. फाइलीतलं अक्षर न् अक्षर मी तीन वर्षांपूर्वी पुण्यात एका बंद खोलीत बसून वाचलं होतं. सरकारच्या माता-बाल सेवेतून गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना दर आठवड्याला एक फोन जातो. त्यात एक बाई बोलते, ‘नमस्कार ताई, तुमचं बाळ आता सहा महिन्यांचं झालं. आता त्याला वरचं अन्न सुरू करा.’ ती बाई म्हणजे मी. मला मूल नाही, लग्नही केलं नाही. पण फोनवर ऐकाल तर वाटेल, हिने डझनभर तरी पोरं वाढवली असावीत.

आता या संदेशांची सुधारित आवृत्ती निघायची होती. काही लसी वाढल्या होत्या, काही सूचना बदलल्या होत्या. नव्याने आवाज देण्याआधी एकदा हिंडून बायका कशा ऐकतात ते पाहून या, असं काम देणाऱ्यांनी सुचवलं आणि मी टुणकन तयार झाले. आपला आवाज घरोघरी जातो आणि आपण मात्र कोथरूडच्या दोन खोल्यांत बसतो, हे मला कधीचं खुपत होतं. शिवाय चार ठिकाणी कौतुक होईल, हाही मतलब होताच. खोटं कशाला बोलू!

वाईत एका अंगणवाडीत चारपाच आया जमल्या होत्या. मी ‘नमस्कार ताई’ म्हटलं आणि पहिल्याच रांगेत आईच्या मांडीवर बसलेलं दीडेक वर्षाचं पोर ताठ झालं. त्याने आईच्या हातातला मोबाइल ओढून कानाला लावला. मी बोलतच होते. त्याने मोबाइल खाली घेतला, उलटा करून पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओठ हलताना दिसले आणि त्याने असा टाहो फोडला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

“घाबरू नका हो,” त्याची आई हसून म्हणाली. “जेवत नाही म्हणून तुमचेच फोन साठवून ठेवलेत मी, ते लावते. त्याला आवाज माहीत आहे, तोंड नव्हतं माहीत.”

सगळ्या हसल्या, मीही हसले. दुपारी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसले. खालच्या पायरीवर एक बाई धुणं धूत होती आणि कोरड्या पायरीवर तिचा फोन ठेवलेला होता. तो वाजला, तिने ओल्या बोटाने दाबला आणि मी बोलू लागले. बाळाच्या तापाबद्दल सांगत होते. ती कपडे आपटत मान वर न करता “हो, हो” म्हणत होती. मी तिच्यापासून दहा हातांवर होते. ओळख द्यावी असं वाटलं, पण तोंड उघडवेना. दोन ठिकाणांहून एकच आवाज निघाला तर ती काय करेल, या विचाराने अंगावर काटा आला. मी दबकत पायऱ्या चढून वर आले.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात आशाताईंचं प्रशिक्षण होतं. आशा म्हणजे गावोगावी घराघरांत जाऊन गरोदर बायकांची आणि बाळांची नोंद ठेवणाऱ्या कार्यकर्त्या. सातारा-सांगली दोन्हीकडच्या आल्या होत्या. भोंग्यावरून माझे संदेश ऐकवले गेले आणि मी मागच्या रांगेत गुपचूप बसून राहिले. मोठ्या खोलीत, भिंतीवर आपटून येणारा स्वतःचा आवाज ऐकणं काही चांगलं नाही. ती बाई माझ्यापेक्षा फारच खात्रीने बोलत होती.

चहाच्या वेळी मी शेजारणीला “पाणी कुठे मिळेल?” एवढंच विचारलं. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

“तुमीच व्हय त्या?”

तिचं नाव शोभाताई. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, पलूस तालुक्यातल्या कुंडलची. मला वाटलं, आता फोटो काढायला लावणार. तिने मला ओढत जिन्याखाली नेलं.

“ताई, माझ्याकडं एक पोरगी हाय, अर्चना. मालक मिल्ट्रीत. मागच्या साली पोरगा झाला, पर शेवटाला बीपी वाढलं हुतं. दुसऱ्या दिवशी मिरजंच्या दवाखान्यात बाळ गेलं. त्ये मोबाइलवर भरायचं असतं, बाळ हयात न्हाई म्हणून. माझं बोट वळलं न्हाई. उद्या करू, उद्या करू म्हणून ऱ्हायलं. आन् तुमचं फोन चालूच ऱ्हायलं तिला.”

“म्हणजे, बाळाचे?”

“दर गुरुवारी. आता अकरा म्हयने झाल्यात.”

जिन्याखाली गारवा होता, का मलाच थंडी वाजली, कळलं नाही. पण खरी गोष्ट पुढेच होती. अर्चनाला पुन्हा दिवस गेले होते. सहावा महिना. पावलं सुजलेली, डोकं ठणकतं, आणि ती तपासायला जायला तयार नव्हती. एका बाईच्या नावावर एका वेळी एकच नोंद चालते. दुसरा नंबर दिला तरी नाव सापडतं. जुनी नोंद बंद केल्याशिवाय नवी उघडत नाही आणि जुनी बंद केली की त्या बाळाचे फोन बंद.

“दवाखान्यात गेली तर नाव लिव्हतील म्हणून जात न्हाई ती,” शोभाताई म्हणाली. “ह्या बारीला तिचंच काय बरंवाईट झालं तर मी काय करू? तिची सासू सांगून दमली, मालकानं फोनवर सांगितलं. कुनाचंच ऐकत न्हाई. तुमचं ऐकती.”

उद्या गुरुवारच होता. माझं परतीचं तिकीट काढलेलं होतं, ते मी पर्समध्येच राहू दिलं.

सकाळी कराडमार्गे निघाले. गाडीत डोळा लागला आणि कुंडलच्या फाट्याऐवजी पलूसला जाग आली. शोभाताई स्कुटी घेऊन न्यायला आली, वर “आमास्नी वेळेवर औषध घ्या म्हणून सांगता आन् सोता झोपताय व्हय!” असं ऐकवलंही. दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस, मधे अरुंद रस्ता. स्कुटीचा आवाज उसात शिरून मागून परत येत होता. समोर तोडलेल्या उसाने लादलेला ट्रॅक्टर संथ चालला होता आणि त्याला ओलांडायला जागा नव्हती. एरवी मी गप्पा मारून कान किटवले असते. त्या दिवशी पिशवीतली फाईल चाचपत राहिले.

घर स्वच्छ, सिमेंटचं, पुढे पत्र्याची पडवी. सासूबाई दारात होत्या. त्यांनी मला बसायला दिलं, वाटीत माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ कांजी) दिलं आणि “तुमास्नी किती पोरं?” म्हणून विचारलं. “एकही नाही,” म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं.

खाली पाहिलं म्हणून दिसलं. पलंगाच्या चारही कोपऱ्यांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. भिंतीतल्या प्लगच्या भोकांवर चिकटपट्टी होती. रॉकेलचा डबा, फिनेलची बाटली, सगळं उंच फळीवर. मोरीतल्या पाण्याच्या टाकीवर लाकडी झाकण आणि झाकणावर दगड. हे कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. वाचलेलं नव्हतंच, मीच सांगितलं होतं, नवव्या महिन्यात, आठवडा दुसरा. माझं एकेक वाक्य त्या घरात मांडून ठेवलेलं होतं. रांगणारं तेवढं कोणी नव्हतं. मला भीती वाटली, आणि इतकी की माडग्याची वाटी हातातून ठेवून दिली.

अर्चना आतून आली. तेवीस-चोवीसची, चेहरा सुजलेला, चालताना भिंतीचा आधार घेत होती. शोभाताई काही सांगणार एवढ्यात फोन वाजला. बरोबर अकरा. अर्चनाने फोन स्पीकरवर लावून पलंगावर ठेवला.

‘नमस्कार ताई. तुमचं बाळ आता अकरा महिन्यांचं झालं.’

“अर्चना, मी...” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे न बघता हात वर केला. “थांबा. त्या बोलत्यात.”

मी थांबले. मला गप्प बसवून मीच बोलत राहिले. ‘आता ते आधार धरून उभं राहील. त्याचं बोट धरा, पण ओढू नका. त्याला त्याच्या वेळेने चालू द्या.’ सासूबाई चुलीपाशी पाठ करून उभ्या होत्या. फोन संपला तेव्हा अर्चनाने तो पदराने पुसला आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं.

“आवाज तुमचाच हाय. पर तुमी म्हाताऱ्या दिसताय.”

“आहेच मी म्हातारी,” मी म्हणाले. “अर्चना, ते नुसतं भरून ठेवलेलं बोलणं आहे गं. मशीन लावतं. मी तिथे नसते.”

“म्हाईत हाय. येडी न्हाई मी.” तिचा आवाज चढला नाही. “बाळ गेलं त्येबी म्हाईत हाय. दोन दिसाचं हुतं, नावबी ठेवलं न्हवतं. तवापास्नं ह्या घरात त्येचा इषय कुनी काढत न्हाई. ह्यास्नी वाटतं, मला तरास हुईल. आत्तीबी काढत न्हाईत. तुमीच तेवढं म्हनता, तुमचं बाळ आता बसायला लागलं, तुमचं बाळ आता ऐकून मान वळवतंय. आनी कोन म्हनतंय?”

चुलीपाशी सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मला बोलायचे ते सगळे मुद्दे मी वाटेत जुळवून आणले होते. ते आता तोंडातून काढायची लाज वाटली.

“आन् बंद केलं,” ती म्हणाली, “तर त्ये अकरा म्हयन्यांचंच ऱ्हाईल.”

मग तिने विचारलं, “पुढं काय हाय त्येच्यात? फुडच्या गुरुवारी काय सांगनार हुता?”

मी पिशवीतून फाईल काढली. “सगळं इथे आहे. दोन वर्षांपर्यंत.”

“मग सांगा की. बसा हितं.”

शोभाताईने माझ्याकडे पाहिलं. मी ज्येष्ठमधाची काडी दाताखाली धरली, पान उघडलं आणि वाचायला लागले. नमस्कार ताई. तुमचं बाळ आता एक वर्षाचं झालं. प्रत्येक संदेशाच्या आधी ‘नमस्कार ताई’ आहे, ते गाळावं असं वाटलं, पण अर्चना प्रत्येक नमस्काराला मान हलवत होती, म्हणून एकही गाळला नाही. ते पहिलं पाऊल टाकेल. ते पेला स्वतः धरेल, सांडू द्या. ते नाही म्हणायला शिकेल, रागावू नका. बंद खोलीत वाचताना मला घड्याळाकडे बघायची सवय होती. इथे मला ते बाळ दिसायला लागलं. खरंच सांगते, पडवीच्या बाजूला उन्हाचा एक चौकोन होता आणि मी तिकडे बघायचं टाळत होते. सासूबाई कधी येऊन अर्चनाच्या मागे बसल्या, कळलं नाही. पंधराव्या महिन्याला त्या हळूच म्हणाल्या, “त्येचा बापबी लवकर बोलला हुता.” अर्चनाने वळून त्यांचा हात धरला.

तास-सव्वा तास झाला असेल. शेवटचं पान आलं.

“नमस्कार ताई. तुमचं बाळ आता दोन वर्षांचं झालं. तुम्ही त्याची छान काळजी घेतलीत. यापुढे हे फोन येणार नाहीत.”

“पुढं?” अर्चनाने विचारलं.

“पुढे काही लिहिलेलं नाही गं.”

तिने माझ्या हातातली फाईल मिटली. मग शोभाताईपुढे हात केला. “आना तुमचा मोबाइल हिकडं.” शोभाताईने बाळाची ती जुनी नोंद उघडून दिली. कुठे दाबायचं ते विचारून अर्चनाने स्वतःच्या अंगठ्याने दाबलं. मग पलंगाचा कोपरा धरून उठली आणि सासूबाईंना म्हणाली, “आत्ती, चपला द्या. जाऊन येतो दवाखान्यात.”

त्याच दिवशी तिला बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या. मी संध्याकाळची पुण्याची गाडी धरली. सबंध वाटेत विचार करत होते, की तीन वर्षं मी इतक्या जणींशी बोलले आणि त्यातल्या एकीलाही मला उलट काही सांगायची सोय नव्हती. आपण सांगतो म्हणजे ऐकणाऱ्याच्या घरात काहीतरी ठेवून येतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी शोभाताईचा फोन आला. अर्चनाची सूज उतरली होती आणि नव्या बाळाचे गुरुवारचे फोन सुरू झाले होते. पहिला फोन तिने उभ्यानेच ऐकला म्हणे.

“आन् ताई, तुमास्नी निरोप दिलाय तिनं. म्हनली, त्यास्नी सांगा, थोरला चालाय लागलाय. त्येची काळजी करू नका.”

मला तोवर कळलंच नव्हतं, की मी करत होते.