गुळगुळीत अंगठा

आसाबीचे अकारे, म्हणजे चवळीचे वडे, खायला माणसं पहाटेपासून बाजाराच्या फाटकात उभी राहत. पण गावात बोलबाला होता तो तिच्या अंगठ्याचा. उकळत्या तेलानं उजव्या अंगठ्यावरच्या सगळ्या रेषा कधीच पुसून टाकल्या होत्या. मतदानाला गेली की ओळख पटवायचं यंत्र तो अंगठा नाकारायचं, मग चेहरा बघून तिला आत सोडायचे. रांगेतल्या बायका म्हणायच्या, "आसाबी, खुशाल चोऱ्या कर बाई, पोलिसांच्या बापालाही सापडायची नाहीस." तीही हसायची.

यंदा मात्र हसू आटलं होतं. बाजाराची मुखत्यार बाई, जिला सगळे इयालोजा म्हणत, तिनं मतदानाच्या आदल्या दिवशी बायकांना जमवलं. बाजारात कोणी कुठं बसायचं हे तीच ठरवायची.

"उद्या आपल्या पक्षाच्या घंटेवर अंगठा उठवायचा, मताच्या कागदाचा फोटो काढायचा आणि मला दाखवायचा," ती लाडात म्हणाली. "विश्वास आहे गं तुमच्यावर. पण डोळ्यांनाही खाऊ लागतो."

"आत फोन न्यायला बंदी आहे ना, इया?" आसाबीनं विचारलं.

"बंदी तर फाटकात वडे तळायलाही आहे. मी कधी काही बोलले?"

झालं. जागा गेली की चूल गेली, हे सांगायला आणखी काय लागतं?

संध्याकाळी लागोसहून लेकीचा, फोलाकेचा फोन आला. ती म्हणाली, "मी तर हौसेनं काढणार फोटो. माझं मत, माझा फोन. बंदी घालणारे हे कोण टिकोजीराव?"

"तुला दाखवायचंय गं. मला दाखवावं लागतंय. बंदी नीट पाळली तर मला म्हणता तरी येईल, पोलिसानं फोन काढून घेतला म्हणून."

"तू उगाच घाबरतेस, आई."

आसाबीनं फोन ठेवला. घंटावाल्यांचा आमदार ज्या दवाखान्याची फीत कापून गेला, त्याच्या दाराला कुलूप होतं आणि तिचा नवरा त्याच दवाखान्याच्या पायरीवर रक्त ओकून गेला. त्यांच्या चौकटीत अंगठा उठवायचा? त्यापेक्षा तो कढईत घातलेला बरा.

म्हणून तिनं तिच्या धंद्यातली युक्ती काढली. वडे गुंडाळायच्या पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकचा एक तुकडा कमरेला खोचला आणि फोन डोक्याच्या फडक्यात. सकाळी मतदान केंद्रावर पोलीस आभाळ बघत होता. आडोशाला जाऊन तिनं प्लॅस्टिक घंटेवर पसरलं, वर शाईचा अंगठा दाबला, फोटो काढला. फोटो झकास आला. आता तुकडा उचलायचा आणि विरोधकांच्या शिडीच्या चौकटीत खरं मत द्यायचं.

पण जन्मभर वडे गुंडाळलेल्या हातांचं प्लॅस्टिक ते, तेलकटच असणार. शाई त्यावर धरेना. उचलताना ओघळली आणि थेट घंटेच्या चौकटीत पडली. दुसरा कागद मागावा, तर मागं इयालोजाच्या बायका कान टवकारून उभ्या. तिनं शिडीवर अंगठा जोर लावून दाबला. खरं मत कुठलं ते मोजणाऱ्या माणसाला कळेलच, असं मनाला समजावलं.

इयालोजानं फोटो पाहिला, गाल कुरवाळला आणि तो बाजाराच्या फेसबुक पानावर टाकला, नावासकट.

दुपारी मोजणी झाली, गावासमोर, झाडाखाली. अधिकारी एकेक कागद उंच धरून दाखवत होता. एक कागद धरून म्हणाला, "दोन चौकटींत शाई. रद्द."

घंटेवर नुसता ओघळ होता. शिडीवर मात्र ठसठशीत ठसा होता, एकही रेघ नसलेला, टकलासारखा गुळगुळीत. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळीच हसली. इयालोजा हसली नाही. तिनं आसाबीकडे नुसतं वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आसाबी पीठ घेऊन फाटकात गेली, तर तिथं दुसऱ्याच बाईची कढई तापली होती. ती बाई मान वर करेना. आसाबीनं पीठ घरी आणलं. ते आंबून जाणार, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

तेवढ्यात फोलाकेचा फोन आला.

"आई, बाजाराच्या पानावर तुझा फोटो बघितला." आवाज ओळखू येत नव्हता. "बाबांना ज्यांनी मारलं, त्यांना मत दिलंस तू? एका वड्याच्या जागेसाठी?"

"अगं, तसं नाही ते. प्लॅस्टिक..."

"तुझाच अंगठा आहे ना तो? सगळ्या गावाला माहीत आहे."

"माझाच आहे," आसाबी म्हणाली.

पुढं सांगायचं तर खूप होतं. पण लेकीनं फोन ठेवला होता.